पिस्तुलातल्या सेफ्टीवर किती विसंबावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दादरला राहणाऱ्या एका गृहस्थांच्या वडिलांचे .३२ बोअरचे जुने रिव्हॉल्व्हर वारसाहक्काने त्यांच्या परवान्यावर यायचे आहे. ते ठेवावे, की रीतसर देऊन टाकून नव्या घडणीचे पिस्तूल घ्यावे, असा त्यांना पेच पडला आहे. एक मित्र म्हणतो, बाहेरून दिसणारा सेफ्टी कॅच, म्हणजे गोळी अडवून धरणारा खटका, नसलेले हत्यार घरात आणूच नये. दुसरा म्हणतो, जितक्या सेफ्टी जास्त तितक्या बिघाडाच्या जागा जास्त. घरात आठ वर्षांची मुलगी आहे, आणि खरी काळजी तिचीच आहे.

पोलिसांच्या शस्त्रागारात आर्मोरर, म्हणजे शस्त्रांची देखभाल-दुरुस्ती करणारा, म्हणून बरीच वर्षे काढली आणि निवृत्तीनंतर परवानाधारकांना हाताळणी शिकवतो, त्या अनुभवावरून सांगतो की हत्यारात सेफ्टी किती आहेत हे मोजून काहीच कळत नाही. प्रत्येक सेफ्टी एका ठरावीक अपघातासाठी बनवलेली असते. एखादी हत्यार पडण्यापासून वाचवते, एखादी भलत्याच हाताने उचलले जाण्यापासून, एखादी खोलताना होणाऱ्या विसराळूपणापासून. त्यामुळे दुकानदार अभिमानाने तीन किंवा पाच असा आकडा सांगतो तेव्हा त्याला विचारावे की यातली कोणती सेफ्टी नेमके काय अडवते, केव्हा अडवते, आणि ती लावायला माझी आठवण लागते की नाही.

आठवण लागते की नाही, हा भेद मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गिरगावातल्या जुन्या इमारतींमध्ये लिफ्टचे जाळीचे दार नीट ओढल्याशिवाय लिफ्ट हलत नाही. तिथे कोणाच्या लक्षात राहण्यावर काही सोडलेले नाही. हत्यारातल्या काही सेफ्टी अशाच आपोआप चालतात. चाप (ट्रिगर) ओढलेला नसेल तोवर त्या लागलेल्याच असतात आणि चाप सोडला की पुन्हा लागतात. उलट, अंगठ्याने वरखाली करायचा सेफ्टी कॅच माणसाने लावला तरच लागतो. माझे स्पष्ट मत असे की पहिल्या प्रकारात तडजोड करू नये आणि दुसऱ्या प्रकाराविषयी आपली गरज व सवय पाहून ठरवावे.

आधी रिव्हॉल्व्हरकडे वळू, कारण प्रश्नातले खरे कोडे तेच आहे. जुन्या रचनेच्या अनेक रिव्हॉल्व्हरांत घोडा, म्हणजे मागचा हातोडीसारखा भाग, खाली असतो तेव्हा त्याचे टोक काडतुसाच्या प्राइमरवर, म्हणजे ठोका बसताच पेटणाऱ्या बुडावरच्या टोपीवर, टेकलेले असते, किंवा त्यापासून केसभर अंतरावर असते. असे रिव्हॉल्व्हर घोड्याच्या बाजूने फरशीवर आपटले की पडण्याचा सगळा जोर घोड्यामार्फत थेट प्राइमरवर जातो, आणि चापाला बोट न लागताही गोळी सुटते. म्हणूनच पूर्वीचे जाणकार सहा घरांच्या सिलिंडरमध्ये पाचच काडतुसे भरत आणि घोड्याखालचे घर रिकामे ठेवत. १ ऑक्टोबर २०२४ रोजी जुहूला अभिनेते गोविंदा यांच्या पायात त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी घुसली. कपाटात ठेवताना ते हातातून निसटून पडले आणि गोळी सुटली, असे तेव्हा सांगण्यात आले. त्यानंतर कित्येक दिवस मला एकच प्रश्न विचारला जात होता, की नुसते पडून गोळी सुटते का हो? सुटू शकते. घोडा आणि प्राइमर यांच्यामध्ये आपोआप उभे राहणारे काही नसेल, किंवा असूनही झिजलेले असेल, तर नक्कीच सुटू शकते.

हे मधले पोलाद दोन प्रकारांनी बसवतात. हॅमर ब्लॉक ही पट्टी एरवी घोड्याच्या वाटेत आडवी उभी असते आणि चाप पूर्ण ओढल्यावरच बाजूला होते. ट्रान्सफर बारचे काम याच्या उलट चालते. त्यात घोडा स्वतः फायरिंग पिनपर्यंत, म्हणजे प्राइमरवर ठोका देणाऱ्या सुईपर्यंत, पोचतच नाही. चाप ओढल्यावर एक पट्टी वर येते, घोडा तिच्यावर आपटतो आणि तो ठोका ती पुढे पोचवते. चाप ओढलेला नसेल तर पट्टी खालीच राहते आणि घोड्याचा आघात नुसत्या फ्रेमवर जातो. ही कल्पना नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आयव्हर जॉन्सन या अमेरिकी कंपनीने असे रिव्हॉल्व्हर काढले होते, आणि त्याच्या घोड्यावर खुशाल हातोडा मारून पाहा, अशी जाहिरात केली होती. तरीही ही सोय सगळीकडे रुळायला फार काळ लागला. १९४४ मध्ये अमेरिकी नौदलाच्या जहाजावर स्मिथ अँड वेसनचे व्हिक्टरी मॉडेल रिव्हॉल्व्हर डेकवर पडले आणि सुटलेल्या गोळीने एका खलाशाचा जीव गेला. घोडा अडवण्याची जुनी सोय त्यात होती, पण ती पुरी पडली नाही. त्यानंतर कंपनीने सरकता हॅमर ब्लॉक बसवला. चाप सुटताच यंत्रणेच्याच हालचालीने तो आपल्या जागी ढकलला जातो, एखाद्या बारीक स्प्रिंगच्या भरवशावर राहत नाही. रुगर कंपनीने आपल्या सिंगल अ‍ॅक्शन, म्हणजे दर वेळी घोडा हाताने चढवावा लागणाऱ्या, रिव्हॉल्व्हरांत ट्रान्सफर बार आणला तो १९७३ मध्ये, आणि पुढे आधी विकलेल्या रिव्हॉल्व्हरांतही तो फुकट बसवून देण्याची योजना काढली. ज्या कंपन्यांनी ही हत्यारे बनवली त्यांनाच जुनी रचना पुरेशी वाटली नाही, हे वारशाने आलेले हत्यार हाती घेणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

आपल्या रिव्हॉल्व्हरात काय आहे हे ओळखणे अवघड नसते, पण ते परवानाधारक गनस्मिथच्या टेबलावर, त्याच्याच हातून पाहावे. तो आधी सिलिंडर उघडतो, सगळी काडतुसे बाहेर काढून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवतो, आणि प्रत्येक घरात डोळ्याने पाहून शिवाय करंगळीचे टोक फिरवून खात्री करून घेतो. मग नळी सुरक्षित दिशेला धरून घोडा अंगठ्याने मागे ओढतो, चाप दाबून तो अंगठ्याच्याच आधाराने हळूहळू खाली आणतो आणि चाप दाबलेलाच ठेवतो. आता घोड्याच्या पुढच्या फटीत उजेड पाडला की ट्रान्सफर बार असल्यास वर आलेली पट्टी स्पष्ट दिसते. चाप सोडला की ती खाली जाते, आणि काही रचनांत घोडा किंचित मागे सरकून स्थिरावतो. अशा रचनेत घोडा मागे सरकत नसेल, पट्टी अडखळत असेल, किंवा चढवलेला घोडा अंगठ्याने पुढे ढकलल्यावर चाप न ओढता निसटत असेल, तर ते हत्यार भरण्याच्या लायकीचे राहिलेले नाही. घोडा निसटणे याचा अर्थ सिअर, म्हणजे घोड्याला खाचेत अडवून धरणारा भाग, झिजला आहे. वडिलांनी कधी गोळी झाडलीच नव्हती, असे कित्येक जण छातीठोकपणे सांगतात. पण कपाटात चामड्याच्या होल्स्टरमध्ये वर्षानुवर्षे पडलेले हत्यार मी अधिक संशयाने पाहतो. चामडे दमट हवेतले पाणी धरून ठेवते, आणि मुंबईत दमट हवेला तोटा नाही. त्यातली काडतुसे पितळेवर हिरवी बुरशी धरलेली निघतात, आणि आतल्या पट्ट्या गंजाने नाहीतर घट्ट झालेल्या जुन्या तेलाने जागच्या जागी बसलेल्या असतात.

आता पिस्तुले. आजच्या बहुतेक चांगल्या पिस्तुलांत फायरिंग पिन ब्लॉक असतो. स्प्रिंगने दाबलेली एक छोटी खुंटी फायरिंग पिनची वाट अडवून उभी असते आणि चाप शेवटपर्यंत ओढला जात असतानाच ती वर उचलली जाते. कोल्टच्या १९११ मॉडेलात हा ब्लॉक १९८३ मध्ये सीरीज ८० नावाने आला. त्याआधीची पिस्तुले अंगठ्याचा कॅच, मुठीवरची ग्रिप सेफ्टी आणि फायरिंग पिनच्या स्प्रिंगचा जोर यांवरच चालत होती. सीरीज ८० मुळे चाप ओढताना थोडे खरखरते म्हणून अनेक नेमबाज आजही नाक मुरडतात. स्पर्धेपुरती ती तक्रार मला पटते. घरात ठेवायच्या हत्यारासाठी मुळीच पटत नाही.

१९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने ग्लॉक स्वीकारले आणि बाहेरचा कॅच नसलेले पिस्तूल जगभर पसरले. त्याच्या तीन सेफ्टींपैकी चापाच्या मध्यभागी असलेली छोटी जीभ सगळ्यांच्या डोळ्यांत भरते, आणि तिच्याविषयीच सर्वाधिक गैरसमज आहे. लोक समजतात की ती चुकून लागलेल्या बोटापासून वाचवते. तसे नाही. चापावर बोट आले की जीभ दाबली जाणारच, मग ते बोट मालकाचे असो की मुलाचे. जॅकेटची दोरी किंवा शर्टाचे टोक होल्स्टरमध्ये चापाच्या कडीत अडकले तर तीही जीभ दाबू शकते. जिभेचे खरे काम पडण्याच्या वेळी असते. पिस्तूल मागच्या अंगावर आपटले की ते थांबते, पण चापाचे स्वतःचे वजन गतीमुळे पुढे चालत राहू पाहते, म्हणजे कोणी बोटाने ओढावा तसा चाप मागे जाऊ लागतो. जीभ दाबलेली नसल्यामुळे चाप तिथेच अडतो.

हे किती महत्त्वाचे आहे ते सिग सावर कंपनीच्या पी३२० या पिस्तुलाने दाखवून दिले. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकी लष्कराने या घराण्यातले पिस्तूल निवडले. त्याच वर्षीच्या ऑगस्टपर्यंत मात्र उघड झाले की बाजारातले पी३२० स्लाइडच्या, म्हणजे मागेपुढे सरकणाऱ्या वरच्या भागाच्या, मागच्या बाजूवर विशिष्ट तिरकस कोनात पडले तर गोळी सुटू शकते. त्यात फायरिंग पिनला, म्हणजे स्ट्रायकरला, अडवणारा ब्लॉक होता. पण तो ब्लॉक चाप मागे जाताना उघडतो, आणि आपटल्यावर जड चाप स्वतःच मागे जात होता. अमेरिकेतल्या ठरीव चाचण्यांत पिस्तूल ठरावीक उंचीवरून ठरावीक अंगांवर टाकतात. हा कोन त्यांतून निसटला. कंपनीने मग ऐच्छिक सुधारणा योजना काढली, चाप, सिअर आणि स्ट्रायकर हलके केले आणि वेगळा डिस्कनेक्टर, म्हणजे चाप आणि सिअर यांची जोड तोडणारा भाग, बसवला. या पिस्तुलाविषयीचे दावे आणि कोर्टकज्जे त्यानंतरही चालू राहिले, पण आपल्या प्रश्नापुरता धडा यांत्रिक आहे. दोन सेफ्टी एकाच भागाच्या हालचालीवर अवलंबून असतील, तर तो भाग हलला की दोन्ही एकदमच जातात. कागदावर त्या दोन असतात; प्रत्यक्षात मी त्यांना एकच धरतो.

अंगठ्याच्या सेफ्टी कॅचबद्दल मी पहिल्या मित्राइतका आग्रही नाही, पण त्याला मोडीतही काढत नाही. कॅच लावलेला असेल तर अनोळखी हाताला गोळी झाडायला एक पायरी जास्त लागते, आणि होल्स्टरमध्ये ठेवताना किंवा कपाटातून काढताना चुकून चाप ओढला गेला तर तो खरोखर वाचवतो. अडचणी दोन. पहिली अशी की त्याची दिशा सगळीकडे सारखी नसते. कोल्ट १९११ मध्ये कॅच खाली केला की हत्यार झाडायला तयार होते. वाल्थर पीपी किंवा बेरेटा ९२एफएस मध्ये खाली केला की ते सुरक्षित होते. दोन घडणीची हत्यारे ज्याच्याकडे असतील त्याचा अंगठा घाईत कोणत्या सवयीने चालेल ते सांगता येत नाही. दुसरी अडचण मनाची आहे. सेफ्टी लावलीय, असे म्हणत भरलेले पिस्तूल समोरच्याच्या दिशेने टेबलावर सरकवणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यांत गणवेशातलेही होते. कॅच लावला की नळी कुठे रोखली आहे याचे भान सुटते, हा माझा नेहमीचा अनुभव.

शिवाय कॅच हाही एक सुटा भाग आहे आणि तो ज्यावर बसतो ते यंत्र बिघडले तर त्याचा काही उपयोग राहत नाही. रेमिंग्टन ७०० ही १९६२ पासूनची अत्यंत खपाची रायफल. तिच्या वॉकर ट्रिगर या चापाच्या यंत्रणेत चाप आणि सिअर यांच्यामध्ये एक सुटा जोडभाग होता. मळ, ओल किंवा घाण झालेले तेल यांमुळे तो पुरता जागेवर येत नाही, आणि मग बोट चापाला न लावता नुसता सेफ्टी कॅच पुढे ढकलला तरी रायफल झडू शकते, अशा तक्रारींवरून अमेरिकेत दीर्घकाळ खटले चालले; २०१८ मध्ये सामूहिक तडजोड अमलात आली आणि ट्रिगर बदलून मिळू लागले. रायफल खाली करण्यासाठी कॅच काढावा आणि त्याच क्षणी गोळी सुटावी, याहून वाईट सेफ्टीची कल्पना करवत नाही. उघड्या बोल्टवर चालणाऱ्या, म्हणजे काडतूस आत ढकलून झाडणारा जड ठोकळा (बोल्ट) झाडेपर्यंत मागे राहणाऱ्या, स्टेनसारख्या जुन्या कार्बाइनचीही तीच गत. बोल्ट पुढे असताना भरलेले मॅगझिन (काडतुसांची पेटी) लावून ती दस्त्यावर आपटली तर बोल्ट झटक्याने मागे जातो, परत येताना काडतूस उचलतो आणि झाडतो. अशी कार्बाइन खांद्याला लावून जिना उतरणाऱ्या शिपायाकडे जुने आर्मोरर डोळ्यांत तेल घालून पाहत, ते उगाच नव्हे.

मॅगझिन सेफ्टीच्या बाबतीत मात्र माझे मत बहुतेक हौशी नेमबाजांच्या विरुद्ध जाते. मॅगझिन बाहेर काढले की चाप चालू नये, अशी ही सोय १९३५ च्या ब्राउनिंग हाय-पॉवरमध्ये होती, आणि आपल्या पोलिसांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या दिसलेले ९ एमएम पिस्तूल त्याच घडणीचे आहे. चाप मऊ व्हावा म्हणून ती काढून टाकण्याची फॅशन आहे. पण पिस्तुलाचा सर्वांत ठरीव अपघात कोणता, तर मॅगझिन काढले, पिस्तूल खाली झाले असे समजले, आणि चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या घरात, राहिलेले एक काडतूस विसरून चाप ओढला. हा अपघात ती सोय नेमका अडवते. कॅलिफोर्नियाने २००७ पासून नव्या सेंटरफायर (काडतुसाच्या बुडाच्या मधोमध प्राइमर असलेल्या) पिस्तुलांच्या मॉडेलांना ही सोय आणि चेंबर भरल्याची खूण, दोन्ही सक्तीची केली. खुणेचा मला फारसा भरवसा नाही; रंगाचा ठिपका किंवा वर आलेली पिन पाहून जो निर्धास्त होतो तो स्लाइड मागे ओढून आत पाहायचे सोडून देतो. मॅगझिन सेफ्टी मात्र घरगुती हत्यारात असेल तर राहू द्यावी. जाता जाता, ग्लॉक घडणीची कित्येक पिस्तुले साफसफाईला खोलण्याआधी चाप ओढावा लागतो, म्हणजे चेंबर न पाहता खोलणाऱ्याला शिक्षा तिथेच होते.

बोटाच्या ठशाने किंवा मनगटावरच्या घड्याळाने उघडणाऱ्या हत्यारांविषयी हल्ली बरेच विचारले जाते. जर्मन कंपनी आर्माटिक्सचे आयपी१ हे .२२ चे पिस्तूल घड्याळाच्या रेडिओ संकेतावर चालत असे. २०१७ मध्ये एका हॅकरने स्वस्तातले लोहचुंबक टेकवून ते संकेताशिवाय झाडून दाखवले. बायोफायर कंपनीने २०२३ मध्ये ठसा आणि चेहरा ओळखणारे ९ एमएम पिस्तूल जाहीर केले. ते काळाच्या कसोटीवर उतरायचे आहे, आणि ९ एमएम आपल्याकडे सामान्य परवान्यावर मिळतही नाही. हा विषय आपल्या प्रश्नकर्त्याने बाजूला ठेवावा.

वरळीच्या रेंजवर कधी उभे राहिलात तर गंमत वाटेल की जिथे सर्वांत हलके चाप असतात तिथे सेफ्टी कॅचला कोणी विचारत नाही. दहा मीटर एअर पिस्तुलाच्या चापाला नियमाने किमान ५०० ग्रॅम, तर २५ मीटर पिस्तुलाला १,००० ग्रॅम वजन पेलावे लागते. डबल अ‍ॅक्शन, म्हणजे चाप ओढूनच घोडा चढवणाऱ्या, रिव्हॉल्व्हरचा चाप ओढायला साधारण पाच किलोच्या आसपास जोर लागतो. रेंजवर भरवसा असतो तो चेंबरमध्ये घातलेल्या भडक रंगाच्या सेफ्टी फ्लॅगवर, नळी लक्ष्याकडेच ठेवण्यावर आणि रेंज अधिकाऱ्याच्या हुकमावर. फ्लॅग दहा पावलांवरून दिसतो आणि तो आत असताना काडतूस आत असूच शकत नाही. घरी हत्यार ठेवतानाही असा फ्लॅग घालावा, असे मी प्रत्येकाला सुचवतो. त्याला खर्च जवळपास काहीच नाही.

तर दादरच्या गृहस्थांना माझे उत्तर. रिव्हॉल्व्हर तुमच्या परवान्यावर येताच आधी गनस्मिथकडे तपासून घ्या, आणि तोवर त्यात एकही काडतूस घालू नका. आपोआप चालणारा ब्लॉक किंवा ट्रान्सफर बार असेल, सिअर शाबूत असेल, तर ठेवायला हरकत नाही. जड चापाचे साधे रिव्हॉल्व्हर क्वचित हाताळणाऱ्यासाठी पिस्तुलापेक्षा समजायला सोपे असते, सिलिंडर उघडला की भरलेले की रिकामे ते समोर दिसते. ब्लॉक नसेल तर वडिलांची आठवण म्हणूनसुद्धा ते भरलेल्या स्थितीत ठेवू नये. देऊन टाकावे, किंवा कायम रिकामे ठेवावे. नवे पिस्तूल घ्यायचेच ठरले तर फायरिंग पिन ब्लॉक आहे का ते आधी पाहा, मॅगझिन सेफ्टी असल्यास उत्तम, आणि कॅच असेल तर त्याची दिशा एकदा शिकून कधी बदलू नका. शस्त्र नियम, २०१६ मध्ये हाताळणीच्या प्रशिक्षणाची तरतूद आहे. ते प्रमाणपत्रापुरते उरकू नका, भरणे आणि खाली करणे हाताला बसेपर्यंत करा.

मुलीसाठी मात्र हत्यारातली कोणतीही सेफ्टी मोजू नका. आठ वर्षांचे मूल दोन्ही अंगठे लावून डबल अ‍ॅक्शनचा जड चापही ओढू शकते, आणि कॅच कसा सरकतो ते बापाला एकदा पाहून शिकते. तिच्यासाठी भिंतीला बोल्टने पक्की केलेली पोलादी तिजोरी, काडतुसे वेगळ्या कुलपात, आणि दोन्ही किल्ल्या घरातल्या तिसऱ्या माणसाला ठाऊक नसलेल्या जागी. परवान्याच्या अर्जातच हत्यार सुरक्षित ठेवण्याची हमी मागतात. ती कागदापुरती समजू नये.

दुसऱ्या मित्राचे म्हणणे राहिले. जास्त सेफ्टी म्हणजे जास्त बिघाड, यात थोडे तथ्य आहे, पण बिघाडाचे कारण बहुधा तेलात सापडते. फायरिंग पिन ब्लॉकची खुंटी अगदी छोट्या भोकात वरखाली होते. तिथे भरपूर तेल ओतले की धूळ धरून त्याचा चिकट गोळा होतो आणि खुंटी अडकते. खाली अडकली तर गोळी झडत नाही, वर उचललेली राहिली तर ब्लॉक असून नसल्यासारखा. त्यामुळे पावसाळा सरला की दरवर्षी स्लाइड काढून घ्यावी. स्लाइड हातात घेऊन फायरिंग पिन मागून पुढे ढकलून पाहावी. खुंटी दाबल्याशिवाय पिनचे टोक बाहेर येता कामा नये. त्या भोकात तेल घालू नये, कोरड्या कापडाने पुसून सोडावे, आणि नळी व स्लाइडच्या खाचांना बोटाने पसरवलेला तेलाचा पातळ हात पुरेसा होतो.